तळाशी नाव बलिकोवांचं

युगांडातल्या जिंजा शहरातला एनॅमलचा कारखाना बंद पडला तेव्हा योनासानी बलिकोवा साठीला टेकले होते. निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटल्या, वाडगे, पराती, चहाचे मग, सगळं तिथं व्हायचं. मग बाजारात प्लॅस्टिक आलं आणि लोकांना ते हलकं वाटलं, स्वस्त वाटलं. मालक एके दिवशी विमानात बसले ते परत आलेच नाहीत. यंत्रं भंगारात गेली, मागोमाग छपराचे पत्रे गेले. कचेरीतल्या कपाटांना कुणी वाली नव्हता. आतले कागद पावसात भिजले, वाळवीनं खाल्ले, आणि जे उरले ते आसपासच्या बायकांनी चुली पेटवायला नेले. हजेरीपट, नेमणुकीची पत्रं, पगाराच्या याद्या, कशाचा मागमूस राहिला नाही. त्या भिंतींच्या आत कोण किती वर्षं राबलं, कसं राबलं, हे सांगायला एकटे बलिकोवा उरले.

कारण माणसं घेणं हेच त्यांचं काम होतं. कारकून म्हणून लागले आणि नोकरभरतीचे साहेब होऊन बाहेर पडले. फाटकातून आत आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आधी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलेला. कोण भट्टीवर, कोण मुलाम्याच्या टाकीवर, कोण पॅकिंगमध्ये, कुणाच्या हातावर भाजल्याचा डाग आहे, कुणाची बायको कुठल्या गावची, सगळं त्यांच्या डोक्यात.

बायको एसेरी वलुकुबाच्या चाळीतल्या घरी, ओट्यावर शिलाई मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची. कारखाना गेल्यावर बलिकोवाही त्याच ओट्यावर येऊन बसले. आणि मग लोक यायला लागले. कुणाला साखर कारखान्यात अर्ज करायचा असे, कुणाला कंपालातल्या हॉटेलात. हातात चुरगळलेला सीव्ही. ‘साहेब, जरा बघता का?’

साहेब बघायचे. लाल पेन्सिल कानावर असायची. एसेरीची मशीन चालू असायची आणि त्यांचं बोलणंही.

‘वंश, चर्च, उंची, वजन, मुलं किती,’ ते वाचत. ‘अरे, तुला नोकरीवर घ्यायचंय की तुझ्याशी कुणाचं लग्न लावायचंय? काढ हे.’

‘मी कष्टाळू, प्रामाणिक, देवाला भिणारा आहे,’ असं पुढं असायचंच. ‘हे सगळेच लिहितात. चोर तर पहिल्या ओळीत लिहितो. कुठं कष्ट केलेस ते सांग, बाकीचं त्यांना कळतं.’

कुणी बालवाडीपासून सुरुवात केलेली असायची आणि परवापर्यंत केलेलं काम तिसऱ्या पानाच्या तळाशी. साहेब म्हणायचे, वाचणाऱ्याला तिसऱ्या पानापर्यंत दम नसतो, आत्ताचं वर आण. कुणी एकच सीव्ही ड्रायव्हरच्या जागेला, पहारेकऱ्याच्या जागेला आणि स्वयंपाक्याच्या जागेला पाठवायचा. पहारेकऱ्याच्या अर्जात ‘मला उत्तम ड्रायव्हर व्हायचं आहे’ असं वाचून साहेब पोट धरून हसले होते आणि मग त्या माणसाला शेजारी बसवून तिन्ही वेगवेगळे लिहून घेतले होते. कुणाचा फोन नंबर बंद पडलेला. ‘नोकरी लागेल रे तुला, पण लागली हे कळवायचं कुणाला?’ रिकामी गेलेली वर्षं झाकायला तारखा ताणणाऱ्यांवर मात्र ते चिडायचे. दोन वर्षं तू आजारी आईपाशी होतास ना, मग तसं लिही. झाकलंस की समोरचा समजतो तुरुंगात होतास.

सगळ्यात जास्त बोलायचे ते शेवटच्या ओळीबद्दल. आपल्याविषयी चार शब्द सांगतील अशा माणसांची नावं सीव्हीच्या तळाशी द्यायची असतात. लोक न विचारताच ती घालून मोकळे होतात. कुणी मेलेल्या माणसाचं घालतं, कुणी भांडण झालेल्या साहेबाचं. बलिकोवा म्हणायचे, ‘ज्याचं नाव घालशील त्याच्या दारात जा. समोर बस, विचार. तो तुझ्यासाठी तोंड उघडणार आहे.’

आणि तळाशी नाव असायचं ते बहुधा त्यांचंच. दुसरं कुणाचं असणार?

फोन यायचे. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्याला. बलिकोवा फोन घेताना उठून उभे राहायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. ‘बलिकोवा बोलतोय,’ असं इंग्रजीत म्हणताना त्यांचा आवाज खाली उतरायचा, जड व्हायचा. मग त्या माणसाचं सगळं खरंखरं सांगायचे. चांगलं असेल तर चांगलं. दारू प्यायचा तर तेही, पण सोमवारीच, बाकीचे दिवस हजर. समोरच्याला विश्वास वाटायचा. फोन ठेवला की एसेरीकडे बघून म्हणायचे, ‘झालं त्याचं काम.’ त्या दिवशी ते जेवायचे चांगले. रताळ्यावर शेंगदाण्याचं कालवण दोनदा वाढून घ्यायचे.

एसेरीला आधी राग यायचा. फोनवर फोन, पाहुण्यावर पाहुणा, चहा कोण करणार? मग राग गेला. ज्यांचे कारखाने बंद पडले त्या बाकीच्या नवऱ्यांचं काय झालं हे ती बघत होती. कोण घरगुती दारूच्या अड्ड्यावर, कोण भिंतीकडे तोंड करून. तिचा नवरा बटण लावून उभा राहत होता.

मग एका सकाळी बलिकोवा कपडे करून बाहेर पडले आणि दुपारी मक्याची कणसं विकणारी एक बाई त्यांना हाताला धरून घेऊन आली. ते कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. आत शेळ्या चरत होत्या. बलिकोवा फाटक उघडत नाही म्हणून रखवालदाराच्या नावानं ओरडत होते. घरी आल्यावरही तेच. ‘त्या रखवालदाराला उद्याच्या उद्या काढतो.’ एसेरी हसली, त्यांना पाणी दिलं आणि कणसंवालीला सांगितलं की उन्हानं डोकं फिरलं असेल.

नंतर त्यांनी सायकल बाजारात टाकून दिली आणि चालत घरी आले. सायकल कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाले, आपल्याकडे कधी सायकल होती? म्बाराराला शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीनं, मुतेसीनं, फोनवर आईला सांगितलं, ‘आई, बाबांनी मला विचारलं तू कितवीत आहेस म्हणून. एकाच बोलण्यात दोनदा.’

‘चेष्टा करत असतील तुझी,’ एसेरी म्हणाली.

तिला कळत नव्हतं असं नाही. पण फोनवर ते अजून नीट होते. कारखान्याचं विचारलं की कुठूनतरी सगळं वर यायचं, माणूस, हात, भट्टी, साल. कालचं जेवण विसरले तरी तेवढं शाबूत आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. आणि ते फोनही काढून घेतले तर उरेल काय, याची तिला भीती होती. डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर त्याला नाव देईल. नाव दिलं की चाळभर होईल. म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. लोक येत राहिले, ती चहा करत राहिली.

ईस्टरनंतरच्या पावसात एनोका बाझिबू आला. कारखान्यात भट्टीवर होता, ऐन तरुणपणापासून बंद पडेपर्यंत. बुगेंबेकडे राहायचा आणि हल्ली सायकलवर कोळशाची पोती वाहायचा. मोटारसायकली आल्यापासून त्यातही राम राहिला नव्हता. कंपालाच्या रस्त्यावर फरशांचा नवा कारखाना निघाला होता आणि त्यांना भट्टीची माणसं हवी होती. बाझिबूनं सीव्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवला होता. बाहेर काढला तर कोरडा ठणठणीत.

बलिकोवांनी पेन्सिल घेतली. एकच पान. वर भट्टीचं काम, खाली त्याआधीचं. उंची नाही, वजन नाही. कोळसा वाहिलेली वर्षंही सरळ लिहिलेली, ‘कोळशाची विक्री आणि वाहतूक’. पेन्सिल कागदावर कुठं टेकलीच नाही.

‘काही काढायचं नाही, काही घालायचं नाही,’ ते म्हणाले.

‘तुम्हीच शिकवलंत, साहेब. तळाशी तुमचं नाव घालू का? विचारायलाच आलो.’

‘घाल. विचारलंस, बरं केलंस.’

एसेरीनं चहा आणला. बाझिबूनं दोन्ही हातांनी कप घेतला आणि चहा आवडल्याचं सांगितलं. निघताना त्यानं ओट्याखाली उभं राहून पँटचे पाय वर दुमडले, कारण रस्ता चिखलानं भरला होता. तो अजून फाटकाशी होता तेवढ्यात बलिकोवा एसेरीकडे वळले आणि हळूच म्हणाले, ‘कोण होता गं हा?’

एसेरीनं फाटकाकडे पाहिलं. एक हाक मारली असती तर बाझिबू मागं फिरला असता. तिनं कप उचलले आणि आत नेऊन विसळले.

काही आठवड्यांनी, सकाळी, फोन आला. एसेरी मशीनवर होती. बलिकोवा उठले, बटण लावलं.

‘बलिकोवा बोलतोय. हो. बाझिबू. एनोका बाझिबू. हो हो, भट्टीवर होता.’ मग ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा कडक झाला. ‘बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्याला मीच काढला. कागदावर माझी सही आहे. काठाला लागणारी निळी पूड गोदामातून न्यायचा, डब्यात, घेवड्याच्या खाली लपवून. तुमच्या गोदामाच्या आसपास त्याला फिरकू देऊ नका.’

एसेरीचा मशीनवरचा पाय थांबला. ती चोरी तिला चांगली ठाऊक होती. त्या आठवड्यात नवऱ्याला घास गिळला नव्हता, कारण चोर त्यांच्याच गावचा होता. त्याचं नाव कीरिया. बाझिबूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, दोघं एका पाळीलाही नव्हते. तिनं उठायला हवं होतं. फोन त्यांच्या हातातून घ्यायला हवा होता. पण नवरा बोलत असताना त्याच्या हातातला फोन हिसकावणं तिनं जन्मात केलं नव्हतं, आणि तेवढ्यात ते बोलणं संपलंही.

‘खरं ते सांगावं लागतं, एसेरी,’ बलिकोवा बसत म्हणाले. ‘कडू असलं तरी.’

‘कुणाबद्दल विचारत होते?’

‘तो निळ्या पुडीचा चोर.’

‘तो कीरिया होता.’

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘कीरिया कोण?’

दुसऱ्या दिवशी नवरा मागच्या अंगणात अंघोळीला गेल्यावर तिनं तोच नंबर लावला. फोन घेणारी बाई तरुण असावी, पण बोलणं नीट, सभ्य. एसेरीनं आधी स्वतःची ओळख दिली. मग म्हणाली की काल माझ्या यजमानांनी चुकीचं सांगितलं, माणसात माणूस मिसळला, हल्ली त्यांना आठवत नाही, बाझिबू चोर नाही.

बाईनं ऐकून घेतलं. ‘कधीपासून आठवत नाही त्यांना?’

‘थोडे दिवस झाले.’

‘काकू, एक सांगा. आमच्याकडे पॅकिंगला रोबिना नाकिसिगे आहे आणि स्टोअरला मुकेंबो. दोघांना आम्ही याच वर्षी घेतलं. दोघांच्याही तळाशी तुमच्या यजमानांचं नाव होतं आणि त्यांनी फोनवर छान सांगितलं म्हणून घेतलं. आता तुम्ही म्हणता त्यांना आठवत नाही. मग मी त्या दोघांचं काय समजू?’

रोबिनाचा नवरा दोन वर्षांपूर्वी सरोवरात होडी उलटून गेला होता. तिचा सीव्ही याच ओट्यावर झाला होता. ती रडत होती आणि साहेब दर ओळीला थांबत होते.

‘त्यांचं बरोबर सांगितलंय,’ एसेरी म्हणाली. ‘ते दोघं चांगले आहेत.’

‘पण हे ठरवणार कोण? वरचे मला विचारतील. मला तर सगळे कागद पुन्हा काढावे लागतील. त्या जुन्या कारखान्यातलं दुसरं कुणी साहेब आहे का, जे सांगू शकेल?’

दुसरं कुणी नव्हतं. मागच्या अंगणात पाणी ओतल्याचा आवाज थांबला. बलिकोवा तिथून टॉवेल मागत होते.

‘नको,’ एसेरी म्हणाली. ‘माझाच काहीतरी गोंधळ झाला असेल. मी नुसती बायको आहे, मला कारखान्यातलं काय कळणार. ते म्हणाले तेच बरोबर धरा.’

तिनं फोन ठेवला आणि टॉवेल घेऊन गेली.

बाझिबू आला तो दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांत. या वेळी हातात काही नव्हतं. फरशांच्या कारखान्यात तो तीन वेळा जाऊन आला होता, आणि शेवटी तिथल्या एका कारकुनानं दया येऊन त्याला सांगितलं होतं, की बाबा, तुझ्या स्वतःच्या साहेबानंच तुला चोर म्हटलंय, आता इकडे फेऱ्या मारू नकोस. कारकुनानं ते आणखी चार जणांनाही सांगितलं होतं. बुगेंबेच्या बाजारात कोळसा घेणाऱ्या बायका आता त्याच्याकडून पोतं घेताना तळापर्यंत हात घालून बघत होत्या.

आणि नेमका त्या दिवशी बलिकोवांना तो ओळखू आला. ओट्यावरून उतरून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ‘एनोका! तिसरी भट्टी. तुझी आई नमुतुंबाची, आहे का अजून? एसेरी, अगं हा एनोका. याच्यासारखा भट्टीवाला मला पुन्हा मिळाला नाही.’

बाझिबू तसाच उभा. ‘साहेब, माझ्याबद्दल विचारायला फोन आला होता. काय सांगितलंत?’

‘काय सांगणार? चांगलंच सांगितलं असेल. तुझ्याबद्दल वाईट सांगायला काय आहे?’

बाझिबूनं त्यांच्या खांद्यावरून एसेरीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि त्याला तेवढं पुरलं. थोड्या वेळानं ती त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेली. तिथं भिंतीला टेकून तिनं सगळं सांगितलं. कीरिया, निळी पूड, डोक्यातून गळत चाललेली माणसं.

ऐकल्यावर तो म्हणाला, ‘कधीपासून आहे असं?’

‘वर्ष झालं असेल. जास्तच.’

‘मी ईस्टरनंतर आलो होतो. विचारायला. त्यांनीच शिकवलं होतं, विचारून नाव घालायचं म्हणून. तुम्ही चहा दिलात मला.’

‘हो.’

‘तेव्हा तुम्हाला माहीत होतं.’

‘हो.’

त्यानं तोंडावरून हात फिरवला. ‘बरं. मग आता तरी फोन करून सांगा त्यांना.’

‘केला होता,’ एसेरी म्हणाली, आणि रोबिनाचं सांगितलं, मुकेंबोचं सांगितलं. आपण शब्द मागं घेतला हेही सांगितलं. त्यापेक्षा खोटं बोलली असती तर तिला सोपं गेलं असतं.

‘म्हणजे रोबिनाची नोकरी राहिली.’

‘राहिली.’

‘चांगलं झालं. तिला लेकरं आहेत.’ तो रस्त्याकडे वळला. ‘मलाही आहेत, काकू.’

त्या दिवसापासून एसेरीनं फोन शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली, आवाज बंद करून ठेवला. बलिकोवा बाकावर चाचपायचे, उशीखाली बघायचे. फोन आला होता का, विचारायचे. नाही आला, ती सांगायची. मग पुन्हा विचारायचे. सुरुवातीला रोज सकाळी सदरा घालून बसत, पुढं पुढं बनियनवरच बसू लागले.

बाहेर बातमी फिरायला वेळ लागला नाही. पण ती वेगळीच होऊन फिरली. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचा फोन लागतच नाही. कुणी म्हणे, लागला तर तो घात करतो, बाझिबूचं बघा. मुख्य रस्त्यावर सीव्ही टाईप करून देणारी दुकानं आहेत, तिथली पोरं गिऱ्हाईकाला आधीच सांगू लागली, बलिकोवांचं नाव काढा, नसती भानगड. नाव काढलं की कारखान्यातल्या वर्षांना आधार राहत नाही. मग लोकांनी ती वर्षंच काढून टाकली. भट्टीपुढे ज्यांचे केस जळाले, मुलाम्याच्या टाकीवर ज्यांची नखं गेली, त्यांनी त्या जागी ‘शेती’ असं लिहिलं. एसेरीला हे एका गणवेश घ्यायला आलेल्या बाईनं सांगितलं. सांगताना तिला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं.

ओट्यावर कुणी येईनासं झालं. बलिकोवा आधी बोलायचे थांबले, मग चालायचे. शेवटच्या महिन्यांत ते एसेरीला बाई म्हणायचे आणि काम हवंय का विचारायचे. ती म्हणायची, हवंय. काय येतं तुम्हाला? शिवणकाम येतं. ते मान हलवायचे आणि झोपी जायचे. जानेवारीच्या कोरड्या उन्हात ते गेले.

त्यांना कलिरोकडे, त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीत पुरायचं ठरलं. केळीच्या बागेत खड्डा खणला. अंगणात ताडपत्री बांधली, शहरातून एक बस भरून लोक आले. मुतेसी म्बाराराहून आली होती. रोबिना आली होती, मुकेंबो आला होता. बाझिबूही आला होता. तो खड्डा खणणाऱ्यांत होता आणि खणून झाल्यावर फावडं घेऊन एका बाजूला उभा होता. त्याच्या आजूबाजूला जागा रिकामी होती. खुर्च्या कमी पडत होत्या तरी त्याच्या जवळची एक तशीच राहिली.

माती द्यायच्या आधी गेलेल्याचा सीव्ही, म्हणजे त्याच्या आयुष्याची हकीकत, वाचायची तिकडे रीत आहे. तो चुलत पुतण्यानं लिहिला होता, माइकवर वाचायलाही तोच उभा राहिला. कारखान्याचे जनरल मॅनेजर, असं तो वाचू लागला. तीन हजार लोकांना नोकऱ्या देणारे. वेल्समध्ये शिक्षण, जिथं बलिकोवा कधी गेले नव्हते. एसेरी शवपेटीजवळ चटईवर बायकांत बसली होती. तिला वाटलं, हे त्यांनी ऐकलं असतं तर कानावरची पेन्सिल काढली असती. मग पुतण्या शेवटाला आला. ‘अखेरच्या श्वासापर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती. त्यांच्या तोंडून कधी कुणाबद्दल खोटा शब्द निघाला नाही.’ काही लोकांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांनी बाझिबूकडे पाहिलं.

एसेरी चटईवरून उठली. विधवेनं त्या वेळी उठायचं नसतं. शेजारच्या बायकांनी पदर धरावा तसा तिच्या झग्याचा काठ धरला, पण ती उभी राहिली. माइक तिनं घेतला नाही. पुढच्या रांगांना ऐकू गेलं आणि पुढच्यांनी मागं सांगितलं.

‘शेवटची दोन वर्षं माझ्या नवऱ्याला काही आठवत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी एनोका बाझिबूला चोर म्हटलं, ती चोरी दुसऱ्याची होती. एनोकानं काही नेलं नाही. मी फोन करून ते सांगितलं आणि नंतर माझा शब्द मागं घेतला. हेही त्या कागदावर लिहा.’

पुतण्यानं कागदाची घडी घातली. रोबिना चटईच्या टोकाशी बसली होती. तिनं एसेरीकडे एकदा पाहिलं आणि मग मांडीवरच्या हातांकडेच बघत राहिली. पाद्रीबाबांनी घाईघाईनं प्रार्थना सुरू केली.

बाझिबू खड्ड्याशी आला आणि माती लोटू लागला. बाकीचे थकून थांबले तरी तो थांबला नाही. वरचा उंचवटा सारखा करून झाल्यावर त्यानं फावडं पिंपाच्या पाण्यात धुतलं, बागेतून रस्त्याला लागला आणि निघून गेला. जेवायला थांबला नाही. एसेरीशी बोलला नाही.

संध्याकाळी मुतेसीनं आईला आत बोलावून विचारलं, ‘बाबांची अब्रू सगळ्या गावासमोर टांगायची होती का? आज?’ एसेरी म्हणाली, उद्या कुणी जमलं नसतं. मुतेसी दुसऱ्याच दिवशी म्बाराराला परत गेली आणि पुढं बरेच महिने तिचा फोन आला नाही.

त्या बोलण्यानं बाझिबूला नोकरी मिळाली नाही. फरशांच्या कारखान्यातल्या जागा भरून गेल्या होत्या, आणि कबरीवर म्हातारी काय म्हणाली हे कुठल्याही कागदावर चढत नाही. तो ऊसतोडीला गेला. पाऊस सुरू व्हायच्या आधी रोबिनाला कामावरून काढलं. कुणी म्हणालं, माल खपत नाही म्हणून. कुणी म्हणालं, दफनाच्या दिवसाची बातमी तिकडे पोचली म्हणून. कारखान्यानं कारण दिलं नाही. वलुकुबातल्या बऱ्याच बायकांनी एसेरीकडे गणवेश टाकणं बंद केलं. ज्यांची दोन पिढ्यांची मापं तिच्या लक्षात होती, त्याही दुसऱ्या शिंपिणीकडे जाऊ लागल्या.

जूनमध्ये ती बुगेंबेला बाझिबूच्या घरी गेली. तो उसाच्या मळ्यावर होता, आठ-पंधरा दिवसांनी घरी येत असे. त्याची बायको अंगणात रताळ्याचे काप वाळत घालत होती. तिनं गुडघे टेकून नमस्कार केला, स्टूल दिलं, मगभर पाणी दिलं. एक कोंबडी कापांवर यायची आणि बाझिबूची बायको तिला हाकलायची.

‘कबरीपाशी तुम्ही जे बोललात ते खरं का, काकू?’ तिनं विचारलं. ‘एनोका घरी काही सांगत नाहीत.’

‘खरं.’

‘मग आधी का नाही बोललात?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, जसं एखाद्याला विचारावं की इतका लांबचा रस्ता का धरलास. एसेरीनं सांगायचा प्रयत्न केला. त्यांचं बटण लावून उभं राहणं, चाळीतले लोक, रोबिना. दोन वाक्यांनंतर ती थांबली, कारण त्या अंगणात त्यातलं काहीच उभं राहीना. तिनं मगातलं पाणी संपवलं. बाझिबूची बायको काप उलटत राहिली. मग एसेरी उठली आणि जिंजाची टॅक्सी मिळते त्या रस्त्याकडे चालू लागली.